हटून बसलेला प्लग



पावसाळ्यातील मासेमारी बंदी लागली की मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या छोट्या गाड्यांचे काम एकदम उतरते. होड्या वर ओढल्या जातात, गाड्या दारात उभ्या राहतात. गाडीचा मालक चार दिवस घरी सापडतो आणि घरच्या मंडळींना बरे वाटते. आम्हांला मात्र या दिवसांत एकच आठवण करून द्यावीशी वाटते, ती म्हणजे हेच दिवस गाडीचे प्लग उघडून पाहण्याचे आहेत. हंगामात, पहाटे तीन वाजता, बंदरावर पाट्या भरून झाल्यावर गाडी मिसिंग करू लागली तर तेव्हा प्लगशी झटापट करण्यात अर्थ नसतो. तेव्हा घाई असते, आणि घाईत प्लग मोडतो.

आपल्या समाजातील पुष्कळ घरे आज अशा एकेका गाडीवर उभी आहेत. कुणी बँकेचे कर्ज काढले आहे, तर कुणी 1978 साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनेतून गाडी घेतली आहे. गाडी बंद पडते, हप्ता बंद पडत नाही. म्हणून कौटुंबिक पानावर इंजिनाचा विषय कशाला, असे कुणी विचारू नये. ज्या घरात गाडी आहे त्या घरात तो चुलीइतकाच घरचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकला, चारशे सातला, एस.टी.ला स्पार्क प्लग नसतो. ती इंजिने डिझेलची. त्यांत हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. ठिणगीची गरजच पडत नाही. काही डिझेल गाड्यांना हीटर प्लग असतो, पण त्याचे काम थंडीत चालू होताना आतली जागा तापवणे एवढेच. आपल्याकडे ट्रक म्हणजे डिझेल हे समीकरण बसले ते 1954 नंतर, टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने डिझेल ट्रक बनवायला घेतले तेव्हापासून. त्याआधीचे बरेच ट्रक पेट्रोलचे होते.

आता चक्र पुन्हा थोडे उलटे फिरले आहे. छोट्या मालवाहू गाड्या पेट्रोलवर आणि सी.एन.जी.वर आल्या, म्हणून प्लगही परत आले. शिवाय जुनी मारुती व्हॅन आहेच. ती 1984 साली आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले, पण मागची बाके काढून, आत पत्रा ठोकून तिच्यातून माल वाहणारे कमी नाहीत. तिचे 796 सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तीन सिलिंडर, तीन प्लग. आजचा विषय मुख्यतः अशा जुन्या गाड्यांचा.

प्लगचे काम छोटे, पण त्याला उसंत नाही. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक प्लग मिनिटाला दीड हजार ठिणग्या टाकतो. कॉइलकडून हजारो व्होल्टची वीज येते, चिनी मातीच्या नळीतून मधल्या दांडीतून खाली उतरते आणि एक मिलिमीटरपेक्षा कमी अंतर उडी मारून बाजूच्या टोकावर जाते. त्या उडीचा जाळ म्हणजे ठिणगी. गाडी गॅसवर असेल तर ही उडी मारायला विजेला जास्त जोर लागतो, म्हणून गॅसच्या गाडीत प्लग लवकर झिजतो. टोक झिजले की अंतर वाढते, अंतर वाढले की ठिणगी अधूनमधून चुकते. गाडी घाट चढताना गचके खाते, सकाळी लवकर धरत नाही, पेट्रोल जास्त पिते. मालक कार्बुरेटरला दोष देतो, पंपवाल्याला शिव्या देतो, आणि प्लग मात्र पाच-पाच वर्षे जागचे हलत नाहीत.

आणि मग ते हटून बसतात. आपल्या किनाऱ्यावर तर जास्तच. प्लगचे अंग पोलादाचे आणि ज्या हेडमध्ये तो बसवला आहे ते ॲल्युमिनियमचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये मिठाचा ओलावा, म्हणजे ती एक लहानशी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि त्याचा पांढरा क्षार आट्यांमध्ये सिमेंटसारखा भरतो. अलिबाग-मुरूडकडे खिडकीचे गज, सायकलची साखळी, पत्र्याचे स्क्रू कसे खातात ते आपण रोज पाहतो. त्याच हवेत प्लग बसलेला आहे. वरून मासळीच्या पाट्यांचे खारे पाणी गाडीत निथळत असते. खालच्या बाजूने काजळी आट्यांत शिरते ती वेगळीच. आणि मागच्या वेळी कुणा दांडग्या हाताने प्लग हवा त्याच्या दुप्पट आवळला असेल, तर विचारायलाच नको.

आता काढायचा कसा, ते सांगतो. यात कुठलेही गुपित नाही, फक्त वेळ लागतो. दुपारी सुरू करून दुसऱ्या दिवशी संपवायचे काम आहे असे समजूनच बसावे.

इंजिन तापलेले असताना प्लगला हात लावू नये. गरम ॲल्युमिनियम मऊ असते आणि प्लग येताना आटे घेऊन येतो. इंजिन थंड होऊ द्यावे. अगदीच हटला तर इंजिन थोडे चालवून, हाताला सोसवेल इतके कोमट असताना पुन्हा प्रयत्न करता येतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. गॅसची गाडी असेल तर टाकीची झडप बंद करावी आणि गाडी उघड्यावर घ्यावी, बंद पडवीत नाही. उजेडासाठी बॅटरीचा टॉर्च वापरावा. किनाऱ्यावर वीज जाते हे खरे, पण पेट्रोलच्या गाडीजवळ मेणबत्ती किंवा चिमणी नेणे म्हणजे घराला काडी लावणे.

प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी त्यांवर चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन असे आकडे टाकावेत. वायर धरून ओढू नये, टोपी धरून थोडी पिळून काढावी. नव्या गाड्यांत वायरी नसतात, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. ती आधी स्क्रू काढून उचलावी लागते. नंतर प्लगच्या भोवतालची माती, रेती, माशाचे खवलेसुद्धा, सगळे साफ करावे. सायकलच्या पंपाने हवा मारली तरी चालते. हे केले नाही तर प्लग निघताच ती रेती सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते.

मग गंज सैल करणारे तेल प्लगच्या मुळाशी सोडावे. बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून दोन-चार थेंब. तेल सोडून निघून जावे. जेवावे, झोपावे. सकाळी पुन्हा दोन थेंब. हे तेल आट्यांत शिरायला तासन् तास लागतात, आणि नेमके हेच आपल्या लोकांना पटत नाही. तेल टाकले की लगेच पाना लावतात.

पाना बरोबर मापाचा हवा. बहुतेक जुन्या गाड्यांच्या प्लगला 21 नंबरचा लागतो, नव्यांना बहुधा 16 चा. आत रबर असलेला प्लगपाना मिळाला तर उत्तम, चिनी माती सांभाळली जाते. पाना प्लगवर पूर्ण आणि सरळ बसला पाहिजे. तिरका जोर पडला की चिनी माती तडकते. आणि पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाईप चढवून लांबी वाढवू नये. छिन्नी-हातोडी तर प्लगजवळ आणूच नये.

अलिबागकडच्या एका जुन्या मिस्त्रींना आम्ही हे काम करताना पाहिले आहे. हाताखालचा मुलगा उतावळा झाला होता. "उस्ताद, पाईप लावू का?" त्याने विचारले. "नको रे बाबा," मिस्त्री म्हणाले, "पाईपला कळत नाही कुठे थांबायचे. हाताला कळते." सबंध सकाळ ते त्या एका प्लगशी बसून होते. एक अष्टमांश फेरा सैल करायचे, थांबायचे, तेलाचा थेंब सोडायचे, पुन्हा तेवढाच आवळायचे, परत सैल करायचे. मागे-पुढे, मागे-पुढे. दर वेळी प्लग केसभर जास्त फिरायचा. आवाजही ऐकायचे ते. कोरडी कुरकुर म्हणजे क्षार सुटतो आहे, जाऊ द्या. हात अचानक गुळगुळीत, रबर पिळल्यासारखा फिरला, आवाज नाही, तर लगेच थांबायचे, कारण तेव्हा प्लग सुटत नसतो, पिळला जात असतो. पुढचे पाऊल म्हणजे तुकडा. प्लग निघाल्यावर त्यांनी तो मुलाच्या हातात दिला आणि आटे बघायला लावले. काळे आटे, ठीक. आट्यांत चांदीसारखा चुरा दिसला तर हेडचे ॲल्युमिनियम निघून आले म्हणून समजायचे.

त्या मिस्त्रींची आम्हांला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मुलाला बघू दिले. सगळीकडे असे घडत नाही. गॅरेजात लागलेली आपली किती मुले तीन-तीन वर्षे नुसती गाड्या धुतात, चहा आणतात, पाने पुसतात! इंजिन उघडले की त्यांना पिटाळले जाते. हुनर हातातून हातात जाते, आणि कोणाच्या हातात जाऊ द्यायचे हे आपल्या देशात फार काळ जात ठरवत आली. याची किंमत काय पडते ते बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. 1929 सालची गोष्ट. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. दौऱ्यात चाळीसगावच्या लोकांनी त्यांना उतरवून घेतले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात, अस्पृश्याचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला सराव नव्हता. नदीवरच्या पुलापाशी टांगा अडखळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. देशातल्या मोजक्या उच्चशिक्षितांपैकी एक माणूस केवळ एवढ्यासाठी जायबंदी झाला, की आपल्या लोकांना लगाम धरू दिलाच गेला नव्हता.

त्या टांग्याच्या जागी आज आपल्या माणसाच्या नावावर गाडी आहे, परवाना आहे. मग त्या गाडीचा प्लग उघडायला दुसऱ्याच्या दारात का बसायचे? मिस्त्रीकडे जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. जाताना मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे, आणि काय करता ते दाखवा, असे मिस्त्रींना नम्रपणे सांगावे. देशात 1950 साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, त्यातूनच आय.टी.आय. उभ्या राहिल्या. त्यात मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो मुलींनाही खुला आहे, हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण अर्ज भरताना मुलींसाठी शिवणकामच पाहिले जाते.

पुन्हा प्लगकडे. निघालेला प्लग फेकू नये, वाचावा. टोक तपकिरी, विटकरी रंगाचे असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलाने ओला, चिकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली. नवा प्लग टाकूनही हा आजार जाणार नाही, खर्चाची तयारी ठेवावी. पांढरा पडलेला, फोड आलेला असेल तर इंजिन फार तापते आहे किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे. तीन प्लग क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत, म्हणजे कोणत्या सिलिंडरचे दुखणे ते कळते.

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच आणावा. आमचे जुने मिस्त्री अजूनही प्लग मागताना 'मायको' म्हणतात. 1951 साली बंगळुरात सुरू झालेली ती कंपनी 2008 पासून बॉश नावाने चालते, पण तोंडातले नाव काही गेले नाही. नाव कोणतेही असो, नंबर महत्त्वाचा. आट्यांची लांबी कमी असली तर हेडचे खालचे आटे उघडे राहतात आणि त्यांत काजळी भरते. जास्त असली तर पिस्टनवर आदळू शकतो. दुकानदार "चालतंय हो" म्हणेल. चालत नाही.

टोकातले अंतर फिलर गेजने तपासावे. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांना साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर लागते, गॅसवर थोडे कमी ठेवतात. गेज नसेल तर काही मिस्त्री करवतीच्या पात्याने अंदाज घेतात. पाते साधारण 0.6 मिलिमीटर जाडीचे असते. पण गेज काही महाग वस्तू नाही, घरात असावे.

बसवताना पाना मुळीच लावू नये. जुन्या पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवावा आणि त्याने प्लग फिरवत आत सोडावा. आटे वाकडे लागले तर रबर घसरते, प्लग पुढे जात नाही. बाहेर काढून पुन्हा सरळ लावायचा. पान्याने लावला असता तर तो वाकडाच आत गेला असता आणि हेडचे आटे कापले गेले असते. आम्ही पाहिलेल्या युक्त्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची.

हाताने पूर्ण बसला की मग पाना. वॉशर असलेला नवा प्लग त्यानंतर अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त आवळावा. वॉशर दबल्याचे हाताला कळते. तोच जुना प्लग परत लावत असाल तर घड्याळाच्या एका तासाएवढा फेरा पुरे. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडसाठी अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर. सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेचा दाखला दिला होता, तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. प्लगही तसाच. फार आवळला तर पुढच्या वेळी मोडतो. सैल राहिला तर वायू बाजूने फुसफुसतो, प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, तो तापून जळतो आणि कधी आटे घेऊन बाहेर उडतो.

आट्यांना ग्रीस लावावे का, यावर वाद आहे. साधे ग्रीस तर नकोच, ते जळून कडक होते. आटे चिकटू नयेत म्हणून वेगळा लेप मिळतो. प्लग बनवणारे म्हणतात की आटे मुलामा दिलेले असतात, लेपाची गरज नाही, आणि लेप लावल्यास तोच जोर जास्त आवळला जातो. आमचे मत असे की मुलामा असलेला चांगला प्लग असेल तर लेप टाळावा आणि त्याऐवजी वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडावर आणि पाऊस संपल्यावर, प्लग एकदा सैल करून परत बसवावेत. वर्षातून दोनदा हललेला प्लग हटत नाही.

एवढे करूनही एखादा मोडतोच. वरचा भाग हातात येतो, पोलादी कडे आत राहते. अशा वेळी इंजिन चालू करून पाहू नये. चिनी मातीचा तुकडा आत पडला असेल तर तो सिलिंडर खरवडून काढतो. गाडी ढकलत किंवा दोरीने मिस्त्रीकडे न्यावी. उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने कडे बहुधा निघते. हेडचे आटे गेले असतील तर मोठे आटे पाडून त्यात हेलिकॉइल नावाचे पोलादी स्प्रिंगसारखे आटे बसवतात, आणि ते नीट बसवले तर मूळच्यापेक्षा टिकतात. "हेडच बदला" असे कुणी म्हणाले तर आधी हेलिकॉइलचे विचारावे, दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवावे. आटे पाडताना किस आत पडू नये म्हणून टॅपला ग्रीस लावतात. ते लावले का, हेही उभे राहून पाहावे.

आणि एक वही. गाडीचे हिशेब बहुतेक घरांत बाईच ठेवते, म्हणून ही सूचना तिला. डिझेल-पेट्रोल, हप्ता, विमा यांच्या शेजारी एक रकाना प्लगचा ठेवा. तारीख, किलोमीटर, प्लगचा नंबर, कोणत्या सिलिंडरचा कोणता रंग होता, कोणी बसवला. दुकानात प्लग आणायला पोरगा गेला तर वहीचे पान बरोबर द्या.

हीटर प्लग काढण्याची रीत साधारण हीच, पण तो अंगाने बारीक असतो आणि फार लवकर मोडतो. डिझेलवाल्यांसाठी त्याविषयी पुढील आठवड्यात लिहू.